अक्कलदाढ काढायची की ठेवायची?

तायांनो,

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईने सहा हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाली, "दाढ काढायचीय. अक्कलदाढ." लगेच एकजण म्हणाली, "काढू नको गं बाई, आहे तेवढी अक्कलही जाईल." सगळ्या हसल्या. ती हसली नाही, गालाला पदर लावून बसली होती. दुसरी म्हणाली, "दाढ काढली की डोळ्यांवर येतं." तिसरीने सांगितलं, तिच्या भावजयीने चारही दाढा काढल्या, एकही दुखत नव्हती, पण पुढे दुखतील असं सांगितलं म्हणून काढल्या आणि त्यासाठी सोनं गहाण टाकलं.

कर्ज बाजूलाच राहिलं आणि दाढेवर अर्धा तास बोलणं चाललं. मला तर ते बरंच वाटलं. शेळीसाठी कर्ज मागणारीला आपण विचारतो ना, शेळी कितव्या वेताची, चारा कुठून आणणार, विमा काढणार का? मग दाढेसाठी कर्ज घेणाऱ्या बाईला "कशासाठी काढायची आणि आत्ताच का" हे विचारायला काय हरकत आहे? कर्ज अडवायला नाही विचारायचं. तोंड तिचं आहे, निर्णयही तिचाच. पण हाच प्रश्न तिने डॉक्टरांना विचारावा, एवढ्यासाठी या महिन्याचा आरोग्याचा धडा दाढेवर.

आधी दाढ ओळखू या

आरसा घ्या, मोबाईलची बॅटरी लावा आणि तोंड उघडा. समोरच्या मधल्या फटीपासून एका बाजूने मागे मोजत जा. दोन चावे घ्यायचे दात, मग एक सुळा, मग दोन लहान दाढा, मग मोठ्या दाढा. मोठ्या दाढांपैकी तिसरी, म्हणजे मधून मोजली तर आठवी, ती अक्कलदाढ. वर दोन, खाली दोन. कुणाला चारही येतात, कुणाला दोनच, कुणाला एकही येत नाही. नसली म्हणून काही बिघडत नाही.

हे मोजायला सांगते त्याचं कारण आहे. "अक्कलदाढ दुखतेय" म्हणून येणाऱ्या कितीतरी जणींची खरी दुखरी दाढ सहावी किंवा सातवी असते. किडलेली सहावी-सातवी दाढ अनेकदा मुळाची नस साफ करून, म्हणजे रूट कॅनल करून वाचवता येते. ती चावायची मुख्य दाढ, भाकरी तिच्यावरच बारीक होते. अक्कलदाढ समजून ती काढून टाकली तर नुकसान मोठं.

अक्कलदाढ साधारण १७ ते २५ वर्षांच्या दरम्यान येते. तोवर बाकीचे दात जागा धरून बसलेले असतात. घरात शेवटी आलेल्या पाहुण्याला जसं दारात अंग चोरून बसावं लागतं, तसं तिचं होतं. जबड्यात जागा असेल तर सरळ येते आणि मुकाट काम करते. नसेल तर तिरकी होते, पुढच्या दाढेवर डोकं टेकते, अर्धी वर येऊन थांबते किंवा हाडातच आडवी राहते. डॉक्टर "अडकलेली दाढ" म्हणतात ती हीच.

अडकलेली म्हणजे काढायलाच पाहिजे असं मात्र नाही. इथेच बहुतेकींची गफलत होते.

दुखतं कशामुळे

सरळ येणारी दाढसुद्धा हिरडी फोडून वर येताना चार-सहा दिवस ठणकते, मग थांबते, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा ठणकते. तेवढ्यावरून काढायची घाई नको.

खरा त्रास अर्धी वर आलेली दाढ देते, त्यातही खालची. तिच्यावर हिरडीचा एक पदर राहतो. त्या पदराखाली भाकरीचा कण, शेंगदाण्याचा कूट, भाजीचा दोरा जाऊन बसतो. उंबऱ्याच्या फटीत पीठ साचतं आणि केरसुणी तिथे पोचत नाही, अगदी तसं. ब्रश पोचत नाही, अन्न कुजतं, हिरडी सुजते. मग वरची दाढ त्या सुजलेल्या हिरडीला चावते आणि सूज आणखी वाढते. घास गिळताना दुखतं, कानात कळ जाते, तोंडाला वास येतो, तोंड नीट उघडत नाही. कानात दुखतंय म्हणून कानात तेल घालत बसलेल्या बायका मी पाहिल्यात.

असं पहिल्यांदा झालं तर बऱ्याच वेळा दाढ न काढता भागतं. डॉक्टर पदराखालची घाण धुऊन काढतात, गरज वाटली तर औषध देतात. घरी कोमट मिठाच्या पाण्याने दिवसातून चार-पाच वेळा, विशेषतः जेवणानंतर, सावकाश चुळा भरायच्या आणि मऊ ब्रश मागेपर्यंत न्यायचा. दाढ पुढे सरळ वर आली तर हा त्रास कायमचाही जातो.

पण तीच दाढ पुन्हा सुजली, तिसऱ्यांदा सुजली, तर हिशेब बदलतो. दर खेपेला गोळ्या, दर खेपेला बुडालेली मजुरी, आणि आजार तिथेच. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेसाठी २००० साली याबद्दल नियम लिहिले गेले. ज्या अक्कलदाढेला काही रोग नाही ती नुसती अडकलेली आहे म्हणून काढू नये. हिरडी पहिल्यांदा सुजली, तर सूज फार जोराची असल्याशिवाय काढू नये. पुन्हा सुजली तर काढण्याचा विचार करावा. अमेरिकेत मात्र तरुणपणीच काढून टाकण्याकडे कल जास्त आहे. त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. विशीत दाढेची मुळं पूर्ण झालेली नसतात आणि हाड नरम असतं, म्हणून दाढ सहज निघते आणि जखम लवकर भरते. चाळिशीनंतर तेच काम जड जातं. पण पुढे कधीतरी जड जाईल म्हणून आज निरोगी दाढ काढणं, तेही कर्ज काढून, मला पटत नाही. त्या भावजयीला एकच गोष्ट विचारायची होती: "आत्ता या दाढेला काय झालंय?" त्याचं उत्तर मिळालं नसतं तर सोनं घरातच राहिलं असतं.

मग काढायची कधी

त्याच जागी वारंवार सूज आणि पू होत असेल तर काढावी. दाढ इतकी किडली असेल की भरता येत नाही, तर काढावी. तिरकी होऊन सातव्या दाढेला टेकली असेल आणि त्या सांदीत सातवी किडायला लागली असेल, तर थांबू नये, कारण आठवीसाठी सातवी घालवणं हा तोट्याचा व्यवहार. एक्स-रेमध्ये दाढेभोवती पाण्याच्या फुग्यासारखी गाठ दिसली तर ती काढावीच लागते. अशी गाठ आतल्या आत हाड खात जाते आणि बरेच दिवस दुखत नाही.

म्हणजे दुखतंय म्हणून काढायचीच असं नाही, आणि दुखत नाही म्हणजे सगळं ठीक असंही नाही. एक्स-रेशिवाय हा निर्णय होत नाही. नुसतं तोंडात बघून "उद्या या, काढून टाकू" असं कुणी म्हटलं, तर आधी एक्स-रे काढा म्हणावं. चेहऱ्याभोवती मशीन फिरून पूर्ण जबड्याचा फोटो निघतो, त्यात चारही दाढा, त्यांची मुळं आणि खालच्या जबड्यातली नस एकदम दिसते.

ही नस महत्त्वाची आहे. खालच्या अक्कलदाढेची मुळं तिच्या अगदी जवळ असू शकतात. दाढ काढताना तिला धक्का लागला तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते. जिभेची नसही जवळूनच जाते. बहुतेक वेळा हे बधिरपण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जातं, पण क्वचित राहतंही. म्हणून सही करण्याआधी विचारायचं, "माझी मुळं नसेला चिकटलेली आहेत का?" हे विचारलं म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही.

आणि या कारणांसाठी काढू नका: पुढचे दात वाकडे होतात म्हणून (अक्कलदाढ ढकलते म्हणून पुढचे दात वाकडे होतात, हे सिद्ध झालेलं नाही), शेजारणीने काढली म्हणून, किंवा "एक काढतोच आहोत तर चारही काढू" म्हणून. प्रत्येक दाढेचं कारण वेगळं विचारा.

डोळ्यांचंही सांगून टाकते. दाढ काढल्याने नजर जात नाही. दातांची नस वेगळी, बघायची नस वेगळी. चाळिशीला दाढाही निघतात आणि चष्माही लागतो. दोन्ही एकाच सुमाराला होतं म्हणून आपण जोडून टाकलं. अक्कल जात नाही हे सांगायची गरज नसावी.

एका दिवसाचाही उशीर नको तेव्हा

शेजारच्या गावातल्या एका ताईची दाढ पेरणीच्या दिवसांत सुजली. मजूर मिळत नव्हते, पाऊस येऊन गेलेला. मेडिकलमधून गोळी आणून ती दिवस काढत राहिली. पाचव्या दिवशी सूज हनुवटीखाली उतरली, जीभ वर उचलली गेली, पाणी गिळेना. जिल्ह्याला नेलं तेव्हा गळ्याखाली कापून पू काढावा लागला. बारा दिवस दवाखान्यात होती. वाचली, पण थोडक्यात.

दाढेचा पू मानेकडे उतरला तर श्वासाची वाट बंद होऊ शकते. म्हणून हे पाठ करून ठेवा: हनुवटीखाली किंवा मानेला कडक सूज, गिळता न येणं, तोंडातून लाळ गळणं, आवाज घोगरा किंवा तोंडात काही धरून बोलल्यासारखा होणं, तोंडात एक बोटही न जाणं, सोबत ताप. यातलं काही दिसलं तर मोठ्या दवाखान्यात लगेच. श्वास घ्यायला जड जात असेल तर १०८ ला फोन. यासाठी मासिक बैठकीची वाट बघायची नसते. अध्यक्ष-सचिवांनी त्याच दिवशी आकस्मिक निधीतून पैसे द्यावेत आणि ठराव मागून लिहावा. तुमच्या गटाच्या नियमात हे नसेल तर या महिन्यात घालून घ्या.

घरचे उपाय, आणि मिश्री

मिठाच्या चुळा चांगल्या. लवंगेचा तात्पुरता उपयोग होतो. पण गालाला बाहेरून गरम शेक देऊ नका, पू असेल तर शेकाने सूज आणखी पसरू शकते. डोकेदुखीची गोळी हिरडीवर ठेवून देतात, तिने हिरडी भाजते. नवऱ्याची उरलेली अँटिबायोटिकची पाकिटं संपवू नका. त्याने चार दिवस ठणका दबतो आणि आजार मुरतो. आणि बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला बसून दात काढणाऱ्याकडे अक्कलदाढ कधीही देऊ नका. न उकळलेल्या पकडीतून रोग येतात, आणि ही दाढ ओढून निघणारी नसते, कधी हिरडी उघडून, हाड थोडं कोरून, दाढेचे तुकडे करून काढावी लागते.

मिश्रीबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्यातल्या पुष्कळ जणींची मिश्री दाढदुखीतूनच सुरू झाली. लावली की बधिर वाटतं, हे खरं. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. आज दाढेसाठी, उद्या पोट साफ व्हावं म्हणून, परवा ती नसली की डोकं धरतं. दाढ राहिली बाजूला, व्यसन लागलं.

आणखी एक गोष्ट. अक्कलदाढेने तोंड उघडेनासं होतं ते दोन-चार दिवसांत, दुखून, सुजून. पण तोंड महिनोन् महिने हळूहळू कमी उघडत चाललं असेल, दुखत नसेल, तिखट खाल्लं की आग होत असेल, गालाची आतली कातडी पांढरी आणि ताठ लागत असेल, तर ती दाढ नाही. सुपारी आणि गुटखा खाणाऱ्यांना होणारा तो वेगळा आजार आहे आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तरी दाखवायलाच हवं. सरळ ठेवलेली आपली तीन बोटं उभी तोंडात जातात का बघा. ही तपासणी घरातल्या पुरुषांचीही करा, गुटख्याची पाकिटं त्यांच्याच खिशात सापडतात.

काढायची ठरली तर

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण सांगायचं: दिवस गेलेत का, बाळ अंगावर पितं का, साखर, बीपी, हृदयाच्या झडपेचा आजार, रक्त पातळ करायची गोळी, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून चालू असलेलं औषध, कुठल्या गोळीची ॲलर्जी. कुठलीही चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नका. गरोदरपणात तातडीचं नसेल तर बाळंतपणानंतर काढतात. थांबण्यासारखं नसेल तर मधले तीन महिने त्यातल्या त्यात सोयीचे. पण वर सांगितलेली धोक्याची लक्षणं असतील तर महिना मोजत बसायचं नाही. गरोदर बाईने दुखण्याची गोळी मेडिकलमधून स्वतःहून घेऊ नये. पाळी चालू असली तरी दाढ काढता येते. कुटुंब नियोजनाची गोळी चालू असेल तर तेही सांगा, कारण त्या गोळीने दाढेची जखम कोरडी पडण्याची शक्यता थोडी वाढते.

काम बहुतेक वेळा जागेवर भूल देऊन होतं. तुम्ही जाग्या असता, दाबल्यासारखं वाटतं, कळ येत नाही. कापूस अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा. त्या दिवशी थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, नळीने ओढून प्यायचं नाही. जखमेत रक्ताची गुठळी धरते तीच तिची खपली, ती निघाली की हाड उघडं पडतं. पहिल्या दिवशी बाहेरून थंड फडकं. खायला गार पेज, दहीभात, मऊ खिचडी. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या चुळा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त असते, घाबरू नका. पण कमी होत आलेलं दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा जोरात उठलं, कानापर्यंत गेलं, तोंडाला घाण वास आला, तर परत दाखवा. जखम कोरडी पडली असेल तर डॉक्टर धुऊन औषध भरतात आणि लवकर आराम पडतो. मिश्री-तंबाखूवाल्यांना हे जास्त होतं. टाके साधारण सातव्या दिवशी.

दोन-तीन दिवस हंडा, पाटी, खुरपणी बंद. हे घरात आधीच सांगून ठेवा. बाई दवाखान्यातून येते आणि संध्याकाळी चुलीपुढे वाकून बसते, मग रात्री रक्त सुरू होतं.

पैशाचं

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी-उपचार मोफत आहेत. दातांचे डॉक्टर सगळीकडे, रोज नसतात. म्हणून आशाताईंकडून वार विचारून मगच एसटीत बसा. अवघड दाढ असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तिथे खाजगीपेक्षा खर्च बराच कमी येतो, मात्र हेलपाटे धरून चाला. खाजगीत जायचं असेल तर एक्स-रे, भूल, टाके, औषधं धरून एकूण किती ते कागदावर लिहून घ्या. दाढ आज सुजलेली नसेल तर आठ दिवस थांबून दुसऱ्या डॉक्टरांना एक्स-रे दाखवायला काहीच हरकत नाही.

आमच्या त्या ताईची सूज वर्षातली तिसरी होती. उपजिल्हा रुग्णालयात एक्स-रे काढला, खालची डावी दाढ सातवीवर आडवी पडलेली निघाली. ती काढावीच लागली. उजवीकडचीही तिरकी होती, पण तिला काही झालेलं नव्हतं, ती ठेवली आहे आणि दरवर्षी दाखवायची आहे. सहा हजारांऐवजी प्रवास आणि बुडालेल्या रोजांपुरतं पंधराशेचं कर्ज पुरलं. ओठ मात्र तीन आठवडे बधिर होता. चहा पिताना ओघळायचा, ती वैतागायची. आता ठीक आहे. या महिन्याचा हप्ता तिने भरला.

पुढच्या बैठकीसाठी

प्रत्येक गटाने एक आरसा आणि एक बॅटरी आणावी. जोडीजोडीने एकमेकींचे दात मोजा आणि तीन बोटं तोंडात जातात का बघा. जिची जात नाहीत तिचं नाव सगळ्यांसमोर न घेता आशाताईंना सांगा. मिश्री लावणाऱ्या किती आणि त्यातल्या किती जणींची दाढदुखीतून सुरू झाली, तो आकडा नावं न घालता कागदावर लिहून ग्रामसंघात द्या. आणि आकस्मिक निधीत आज किती रुपये आहेत, ते सचिवांनी वाचून दाखवावं.